घरी टीपॉय बनवताय? सोलापूरच्या हवेत या चुका टाळा

टीपॉयच्या वरच्या फळीला मधोमध चीर गेली की माणूस आधी लाकडाला आणि मग फेविकॉलला शिव्या घालतो. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. फळी खालच्या चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूनं आवळलेली असते आणि लाकडाला हलायला जागाच ठेवलेली नसते.

आपल्याकडे हे जास्त घडतं, कारण इथल्या हवेची दोन टोकं आहेत. मे महिन्यात पारा 42-43 वर आणि हवा ठणठणीत कोरडी. मग पावसाळा, आणि तोही खरा जोर धरणार सप्टेंबरात. लाकूड उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात फुगतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, सगळा खेळ रुंदीत. दोन फूट रुंद सागवानी फळी वर्षभरात 3-4 मिलिमीटर सहज कमीजास्त होते. पॉलिशनं हे थांबत नाही, फक्त सावकाश होतं.

म्हणून चौकटीच्या पट्टीला स्क्रूसाठी गोल भोक पाडू नका. फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट भोक पाडा, स्क्रूखाली वायसर घाला आणि घट्ट बसेल इतपतच आवळा. फक्त दोन्ही आखूड पट्ट्यांच्या मधोमध एकेक स्क्रू साध्या गोल भोकातून मारा, म्हणजे फळी दोन्ही बाजूंना सारखीच सरकेल. चौकट आणि फळी यांच्यामध्ये फेविकॉल? अजिबात नको.

चीर आधीच गेली असेल तर भुसा आणि फेविकॉल कालवून ती लगेच भरू नका. मे महिन्यात भरलेली चीर पावसाळ्यात मिटायला बघते, मध्ये हे लुकण कडक होऊन बसलेलं असतं, आणि मग शेजारी दुसरी चीर पडते. खालचे स्क्रू ढिले करा, भोकं लांबट करा आणि पावसाळा जाऊ द्या. बऱ्याच चिरा आपोआप मिटतात. मिटलेल्या चिरेत पातळ फेविकॉल उतरवून क्लॅम्प लावला की काम झालं.

ओलं लाकूड

वखारीत विचारलं तर प्रत्येक लाकूड "एकदम सुकं" असतं. त्याची पारख घरीच करा. फळीच्या टोकापासून चार बोटं आत एक तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, वजन त्याच्यावरच पेन्सिलीनं लिहा आणि तो घरात उघड्यावर ठेवा. आठवडाभर रोज वजन घटत राहिलं तर लाकूड अजून तयार नाही. फळ्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, तिथे दुपारी एक बाजू भाजून निघते आणि फळी पिळवटते. ज्या खोलीत टीपॉय राहणार त्याच खोलीत, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे ठेवा. फळी जोडायला उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतर ते संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत. तेव्हा हवा दोन्ही टोकांच्या साधारण मध्यावर असते.

पैसे महागड्या मशीनवर घालण्यापेक्षा लाकडावर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या वाड्याचं उतरवलेलं सागवान मिळालं तर सोडू नका, ते सुकून सुकून शहाणं झालेलं असतं. मात्र रंधा लावण्याआधी जुन्या स्पीकरचं चुंबक त्याच्यावरून फिरवा. तुटक्या खिळ्याचं टोक वरून दिसत नाही आणि रंध्याच्या पात्याचा एका फटक्यात दाता पडतो. बाभूळ स्वस्त आणि चिवट आहे, पण पहिल्या कामाला घेऊ नका. हत्यारं बोथट करते आणि वाकते ती वेगळीच. आणि कुठल्याही लाकडाचा बाहेरचा पांढरट भाग टाळा. पिठासारखा भुगा पाडणारा किडा तिथूनच शिरतो.

सांधा उघडतो कशानं?

दोन फळ्या कडेला कड लावून उजेडाकडे धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर परत रंधा. क्लॅम्प आवळून ती फट मिटते खरी, पण ताण आत राहतो आणि सहा महिन्यांनी फट परत येते. सागवानाला अंगचं तेल असतं, त्यामुळे रंधा मारला त्याच दिवशी, आधी थिनरच्या फडक्यानं कड पुसून, चिकटवा.

उन्हाळ्यात दुपारी फेविकॉलचं काम काढूच नका. कोरडं लाकूड पाणी शोषून घेतं, पाच मिनिटांत वर साय धरते आणि नंतर कितीही आवळलं तरी पकड येत नाही. पहाटे लावा, दोन्ही बाजूंना लावा. त्याआधी सगळा सांगाडा फेविकॉलशिवाय एकदा जोडून बघा, कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाची जीभ, भोकात हातानं दाबून बसतं का ते तपासा. हातोडी मारावी लागली तर घट्ट, आपोआप निसटलं तर ढिलं. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्यानं पसरवत बसू नका, तिथे पॉलिश धरत नाही आणि पांढुरके डाग उठतात. तासाभरानं तो रबरासारखा झाला की पटाशीनं अलगद उचला. क्लॅम्प रात्रभर राहू द्या.

डुगडुगतोय

आधी फरशी तपासा! शहाबादी फरशीवर निर्दोष टीपॉयही डुगडुगतो. स्वयंपाकाच्या ग्रॅनाइट ओट्यावर ठेवून बघा. तिथेही हलला तर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. एकेक पाय अंदाजानं कापत गेलात तर टीपॉयचा पाट होईल. ओट्यावर पाचर घालून वरची फळी पातळीत आणा, एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी टेकवून चारही पायांना रेघ मारा आणि तिथेच कापा.

उंचीचं थोडक्यात: सोफ्याच्या गादीपेक्षा इंच-दोन इंच खाली, म्हणजे साधारण 16 ते 18 इंच.

पॉलिश

पॉलिश पेपर 80, 120, 180, 220 असा क्रमानं, रेषांच्याच दिशेनं. मधला नंबर गाळला की जाड ओरखडे पॉलिशनंतर उठून दिसतात. अंधारात मोबाईलचा टॉर्च फळीवर आडवा धरा, सगळं उघडं पडतं.

चपड्याचं, म्हणजे लाखेचं, फ्रेंच पॉलिश सुंदर दिसतं, पण चहाच्या टेबलाला ते चुकीचं. गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. उमटलंच तर स्पिरिटमध्ये जेमतेम भिजवलेलं फडकं वरच्यावर फिरवा, बहुतेक वेळा जातं. रोजच्या वापराला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, बरं. ओल्या हवेत पॉलिश करू नका, ते दुधाळ होतं.

सोलापुरात चिंध्यांना तोटा नाही, पण टॉवेलची चिंधी घेऊ नका, तिचे धागे पॉलिशमध्ये अडकतात. धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा घ्या. उकळलेलं जवसाचं तेल लावत असाल तर एक गोष्ट विसरूच नका: तेलात भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली की ती आपोआप तापते आणि काडी न लावता पेट घेते, मेच्या उकाड्यात तर जास्तच लवकर. काम संपल्याबरोबर ती मोकळ्या हवेत, एकावर एक न येता, पूर्ण पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.