मंडळाच्या कार्यकारिणीला माणसं मिळत नाहीत? मग अशी शोधा

बडोद्यात आमचं इतिहासाच्या अभ्यासकांचं एक छोटंसं मंडळ आहे, निम्मे सभासद आजीव, म्हणजे एकदा वर्गणी भरून गायब झालेले. निवडणूक आली की दर वेळी तीच गंमत, शेवटच्या आठवड्यात फोनाफोनी, "काका, अजून एक टर्म तुम्हीच राहा ना", आणि काका राहतात कारण नाही कसं म्हणायचं. गेल्या खेपेला मी चिटणीस होते, म्हटलं यंदा हे नीट करू, ते कसं केलं ते सांगते.

आधी कपाटातून संस्थेची घटना काढा. उमेदवार किती वर्षं सभासद असायला हवा, सूचक-अनुमोदक कोण चालतात, सलग किती टर्म राहता येतं, मधेच कुणाला स्वीकृत म्हणजे निवडणुकीशिवाय घेता येतं का, सगळं वाचा. आम्ही वाचलं नव्हतं. एक फार चांगल्या बाई तयार झाल्या, अर्जही भरला आणि छाननीत कळलं की त्यांची वर्गणी थकलीय, झाला अर्ज बाद. तेव्हा थकलेल्यांना सहा महिने आधीच फोन करा.

मग तीन जणांची शोध समिती करा, अट एकच, ते स्वतः उभे राहणार नाहीत.

आता खरं काम. समिती बसली की लगेच नावं सुरू होतात, हे सर, ते सर. नावं नका लिहू, कामं लिहा. वर्षभरात काय काय झालं, त्रैमासिकाची प्रुफं, व्याख्यानाचा हॉल, मोडीचा वर्ग, हिशोब, चॅरिटी कमिशनरकडचे कागद, आणि प्रत्येकासमोर ते कुणी केलं. आमच्या अकरा जणांच्या कार्यकारिणीत तीनच नावं फिरून फिरून येत होती, बाकीचे फोटोत. आणि कळलं की विद्वानांची कमी नाहीच, सयाजीरावांचं गाव हे, प्राच्यविद्या मंदिर इथे, गायकवाड ओरिएंटल सिरीज ही जुन्या ग्रंथांची माला १९१६ पासूनची, युनिव्हर्सिटी १९४९ ची, रिटायर्ड प्राध्यापक तर दर सोसायटीत एक सापडेल. नव्हता तो हिशोब ठेवणारा.

कोषाध्यक्ष शोधायला आम्ही उगाच इतिहासवाल्यांमध्ये फिरत होतो. अहो, बँक ऑफ बडोदा इथे १९०८ मध्ये निघाली, बँकेतून रिटायर झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत आणि त्यातली काही आमच्याच व्याख्यानांना मागच्या रांगेत बसतात, त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं! म्हणून हजेरीचं रजिस्टर घेऊन बसा. जे दर वेळी येतात, प्रश्न विचारतात, खुर्च्या उचलायला थांबतात, ते बघा. मोडीच्या वर्गातली पोरं बघा, पीएचडी करणारे बघा. आणि मराठीच हवा असा हट्ट नको, आमच्या वर्गात एक गुजराती मुलगी आमच्यापेक्षा बरी मोडी वाचते आणि मराठीही बोलते, फक्त "छे ना" मधेच येतं.

सरळ तिकीट देऊ नका मात्र. आधी एखादं छोटं काम द्या, एका व्याख्यानाची पूर्ण जबाबदारी किंवा त्रैमासिकाची वर्षाची सूची. वेळेत होतं का, फोन उचलतात का, नाही जमलं तर आधी सांगतात का, एवढंच बघायचं. भाषणं चांगली करतो हा गुण इथे काही कामाचा नाही, माझं स्पष्ट मत.

विचारायला घरी जा. व्हॉट्सॲप ग्रुपवर "इच्छुकांनी संपर्क साधावा" टाकलं की अंगठे येतात, माणूस येत नाही. आणि खोटं बोलू नका, "काही काम नसतं हो, महिन्यातून एक मीटिंग" असं सांगून आणलेला माणूस तिसऱ्या मीटिंगला येत नाही. किती तास जातात, पैसे मिळत नाहीत, नाव सरकारी कागदावर चढतं, ओळखपत्र द्यावं लागतं, सगळं सांगा. नाही म्हणाले तर "मग कोण चांगलं?" हे विचारून या, आम्हाला दोन नावं अशीच मिळाली.

बिनविरोधची हौस ठेवू नका, जागांपेक्षा एक-दोन अर्ज जास्त असू देत. पडलेला रुसतो हे खरं, म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यालाच पहिला फोन करा आणि एखादी उपसमिती द्या.

निवडून आले की कागद. १८६० च्या सोसायटी म्हणजे संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे वार्षिक सभेपासून १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी द्यायची असते, ट्रस्ट म्हणून नोंद असेल तर ९० दिवसांत चॅरिटी कमिशनरकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे माणसं बदलल्याची माहिती. आणि जुन्या-नव्या कोषाध्यक्षांना एकत्र बँकेत न्या, लगेच. आम्ही आळस केला, सही बदलली नाही म्हणून चेक निघेना, हॉलचं भाडं महिनाभर अडकलं, शेवटी नव्या कोषाध्यक्षांनी खिशातून भरलं आणि तरी पुढच्या मीटिंगला पावती चिकटवलेली वही घेऊन हजर.