बायबलच्या गोष्टींमधली चिन्हं आणि भविष्यवाणी: अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

बायबल स्टडीला नवीन आलेला माणूस सुरुवातीच्या आठवड्यांतच एवढं ऐकतो की गांगरून जातो. नोहाचं तारू म्हणजे मंडळी (चर्च), राहाबेची किरमिजी दोरी म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, योसेफ म्हणजे येशू, योनाचा मासा म्हणजे कबर, आणि मग तो हळूच विचारतो की ताई, हे सगळं तुम्हाला दिसतं कुठून, मला तर नुसती गोष्टच दिसते. गोष्ट दिसतेय ना, मग झालं, सुरुवात तिथूनच होते. मी आधी संडे स्कूलला शिकवायचे, आता बायकांचा अभ्यासवर्ग घेते, आणि माझा अनुभव असा की ज्याला गोष्ट नीट सांगता येत नाही त्याला तिच्यातलं चिन्हही नीट सांगता येत नाही.

आमच्या पाळकांनी मला शिकवायला उभं करायच्या आधी एक सवय लावली होती. जुन्या करारातली गोष्ट घ्यायची आणि येशूचं नाव न घेता पूर्ण सांगायची, कोण कुठून कुठे चाललंय, कोण चिडलंय, देव काय म्हणाला, शेवटी काय झालं, हे सगळं. नवीन मुलींना मी अजूनही हेच करायला सांगते, आणि त्यासाठी गणनाच्या 21व्या अध्यायातला पितळेचा सर्प देते.

इस्राएल लोक एदोम देशाला वळसा घालून चाललेत, मोशेचा भाऊ अहरोन नुकताच होर डोंगरावर वारलाय, रस्ता लांबलाय, पाणी नाही, देवाने दिलेल्या रोजच्या मान्न्याचा (आकाशातून पडणाऱ्या अन्नाचा) वीट आलाय आणि लोक देवाविरुद्ध कुरकुर करतायत. मग आग्ये सर्प येतात, माणसं मरायला लागतात. लोक मोशेला म्हणतात आमचं चुकलं, साप घालवून टाक म्हणून प्रार्थना कर. आता इथे सावकाश वाचा, कारण बहुतेक जण घाई इथेच करतात. देवाने साप घालवले असं तिथे लिहिलेलंच नाही! तो मोशेला सर्प करून खांबावर लावायला सांगतो आणि म्हणतो, ज्याला दंश झालाय त्याने त्याच्याकडे पाहिलं की तो जगेल. म्हणजे साप तिथेच, दंशही होतोय, पण वाचायचा मार्ग छावणीत उभा केलेला, आणि तो मार्गही कसा, तर ज्या गोष्टीने मरण आलं तिचंच रूप खांबावर.

एवढं मनात बसलं की मग योहानाचा 3रा अध्याय काढा. निकदेम रात्री येशूकडे आलाय, इस्राएलाचा गुरू, त्याला ही गोष्ट लहानपणापासून माहीत असणार, म्हणून येशू ती सगळी सांगत बसत नाही, एवढंच म्हणतो की मोशेने अरण्यात सर्प उंच केला तसं मनुष्याच्या पुत्राला उंच केलं पाहिजे, म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळेल. उंच करणं, नजर लावणं, जगणं, साम्य इथपर्यंत आहे. पितळ म्हणजे न्याय असंही बऱ्याच प्रवचनांत ऐकायला मिळतं, पण योहानाच्या त्या वचनांत पितळाबद्दल काहीच नाही, त्यामुळे मी वर्गात ते शिकवत नाही. उलट पौल गलतीकरांस पत्रात म्हणतो की ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला, आणि तिथे तो "झाडावर टांगलेला शापित आहे" हे अनुवाद नावाच्या पुस्तकातलं वचन देतो, ते शेजारी ठेवून वाचलं की सर्पच का, कोकरू का नाही, हे हळूहळू कळायला लागतं. मला आजही ही तीन वचनं एकत्र वाचताना भरून येतं.

आणि ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही, 2 राजे 18:4 वाचाच. हिज्कीया राजाने मोशेने केलेला तोच सर्प फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळत होते. देवाने सांगून केलेलं चिन्ह, शेकडो वर्षं जपलेलं, आणि लोक त्यालाच धरून बसले. आजच्या मंडळीला यातून मिळणारा इशारा मला कुठल्याही गूढ अर्थापेक्षा मोठा वाटतो. तेलाची बाटली, रुमाल, अमुक सेवकाचा फोटो, ज्याने त्याने आपल्या मंडळीत बघावं.

आता बाकीच्या चिन्हांचं काय, तर मी मनात तीन कप्पे ठेवते. पहिला, जिथे नवा करारच जोडणी करून देतो, जसं आदाम (रोम 5), वल्हांडणाचं कोकरू (1 करिंथ 5:7), मलकीसदेक (इब्री 7), तारवाचं पाणी आणि बाप्तिस्मा (1 पेत्र 3). हे खात्रीने शिकवायचं. दुसरा, जिथे साम्य ठळक आहे पण शास्त्र स्वतः जोडणी करत नाही. योसेफ बापाचा लाडका, भावांनी 20 रुप्याच्या नाण्यांना विकलेला, आणि पुढे त्याच भावांना जगवणारा. ख्रिस्ताची आठवण येतेच, पण नवा करार कुठेही योसेफ हा ख्रिस्ताचा नमुना आहे असं सरळ म्हणत नाही, म्हणून इथे मी "आठवण होते" एवढंच म्हणते. राहाबेची दोरीसुद्धा याच कप्प्यात, यरीहो पडताना घर वाचावं म्हणून तिने ती खिडकीला बांधली होती. पहिल्या शतकाच्या शेवटी रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याने तिच्यात प्रभूचं रक्त पाहिलं, म्हणजे विचार फार जुना आहे, तरी तो शास्त्रातला नाही. तिसरा कप्पा म्हणजे आपल्या मनाने लावलेले अर्थ. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे लुटलेल्या जखमीला परक्या माणसाने वाचवलं त्या गोष्टीत, ऑगस्टीनसारख्या थोर धर्मगुरूने वाटेवरचा जखमी म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा मालक म्हणजे पौल असं लावलं. ऐकायला गोड आहे, पण येशूला विचारलेला प्रश्न होता माझा शेजारी कोण, आणि या सगळ्यात तोच हरवतो. कोणत्या कप्प्यातलं बोलताय हे ऐकणाऱ्याला सांगून बोला, एवढं केलं तरी खूप गोंधळ टळतो.

वल्हांडणाबद्दल अजून एक. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोक, हा सण पिढ्यानपिढ्या पाळत आलेत, त्यांच्यासाठी ती मिसरातून सुटकेची गोष्ट आहे आणि ती तेवढीच पूर्ण आहे. आपण तिच्यात ख्रिस्ताला पाहतो म्हणून मूळ सुटका खोटी किंवा किरकोळ ठरत नाही. गुलाम खरेच होते, रडणं खरं होतं, निर्गमाचा 2रा अध्याय संपताना देवाने ते ऐकलं असं लिहिलंय. हे वगळून सरळ वधस्तंभावर उडी मारली की गोष्टीचा जीवच जातो.

भविष्यवाणीलाही हेच लागू. यशया 7:14 आपण ख्रिसमसला वाचतो, पण ते वचन आधी यहूदाच्या आहाज राजाला दिलंय, अराम आणि उत्तरेचं इस्राएल राज्य मिळून यरुशलेमवर चालून आलेत आणि राजा घाबरलाय, त्या घबराटीत देव म्हणतो मी तुमच्याबरोबर आहे. मत्तय तेच वचन मरीयेच्या पुत्रापाशी आणतो तेव्हा त्याला सगळं वजन त्या जुन्या घबराटीचं आहे. म्हणून भविष्यवाणी वाचताना पहिला प्रश्न हाच की हे पहिल्यांदा कोणी ऐकलं. प्रकटीकरणातल्या 7 मंडळ्या आजच्या तुर्कस्तानातल्या खऱ्या गावांमधल्या होत्या. लावदिकीयाच्या लोकांना "तू कोमट आहेस" म्हटलं तेव्हा जवळच्या हिरापलीचे गरम झरे त्यांना रोजचे माहीत होते.

तारखा काढण्याच्या नादाला मात्र अजिबात लागू नका, हे मी कळकळीने सांगते. अमेरिकेत विल्यम मिलरने दानीएल 8:14 मधल्या 2,300 दिवसांची वर्षं धरली, इ.स.पू. 457 पासून मोजली, आणि प्रभूचं येणं 1843-44 च्या सुमारास ठरवलं. शेवटी त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला, काहींनी तर त्या वर्षी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. तो दिवस आला आणि गेला. ती माणसं प्रामाणिक होती, शास्त्र मनापासून वाचणारी होती, म्हणूनच मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण तो दिवस कोणालाच ठाऊक नाही असं सांगणारं मत्तय 24:36 त्यांच्याही बायबलमध्ये होतं. आज व्हॉट्सॲपवर युद्धाची बातमी आणि प्रकटीकरणाचं वचन एकत्र फिरायला लागलं की वर्गातल्या म्हाताऱ्या मावश्या रात्री झोपत नाहीत, त्यांना हे वचन कोणीतरी शांतपणे वाचून दाखवलं पाहिजे.

मग आजच्यासाठी अर्थ काढायचा कसा, तर योना घ्या. 3 दिवस माशाच्या पोटात, हे चिन्ह येशूनेच सांगितलं (मत्तय 12:40), पण पुढच्याच वचनात तो निनवेच्या लोकांच्या पश्चात्तापाबद्दल बोलतो आणि आपण तिथवर जातच नाही. योनाचा 4था अध्याय संडे स्कूलच्या चित्रांत क्वचितच असतो. देवाने शत्रूला माफ केलं म्हणून संदेष्टा रुसून बसलाय, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं, 1,20,000 हून जास्त माणसं आणि एवढी गुरंढोरं, त्यांची मी कीव करू नये काय. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. आमच्या वर्गात एकदा यावर कोणीच बोलेना, मग एक बाई म्हणाली की माझ्या जावेशी मी कित्येक वर्षं बोलत नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी लूकचा 24वा अध्याय वाचावा, अम्माऊसच्या वाटेवरचा, मग उत्पत्ति 22, निर्गम 12, गणना 21, योना, यशया 53 आणि शेवटी सगळं इब्री पत्र, याच क्रमाने. समासातली संदर्भ वचनं दरवेळी उघडून पाहा, आळस करू नका. पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर बायबल सोसायटीच्या प्रतीशेजारी ठेवून वाचा, कठीण जागी फार मदत होते. वहीत डाव्या पानावर गोष्टीत काय घडलं ते आणि उजव्या पानावर शास्त्राने स्वतः जोडलेली वचनं लिहा. तुमचे स्वतःचे विचार वहीच्या मागच्या बाजूला लिहा आणि वर्गात बोलायच्या आधी पाळकांना किंवा एखाद्या जुन्या विश्वासणाऱ्याला दाखवा. दानीएल आणि प्रकटीकरण पहिल्या वर्षी नको.