बर्थच्या टेबलात ‘भरला / रिकामा’ रकाना नको

रेल्वे आरक्षणाचा डेटाबेस आखताना पहिला मोह होतो तो बर्थपुढे ‘भरला / रिकामा’ असा रकाना टाकण्याचा. तो टाळा. मुंबई–सोलापूर गाडीतला एकच बर्थ एकाला पुण्यापर्यंत आणि दुसऱ्याला पुण्यापासून पुढे विकता येतो. म्हणजे भरलेपण एकट्या बर्थचं नाही. बर्थ, तारीख आणि लागोपाठच्या दोन थांब्यांमधला टप्पा या तिघांचं मिळून आहे. त्याचं वेगळं टेबल करा, प्रवासातल्या प्रत्येक टप्प्याला एक ओळ द्या आणि तिघांवर मिळून युनिक बंधन घाला, म्हणजे तेच त्रिकूट दुसऱ्यांदा नोंदवता येणार नाही. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी डेटाबेसच एकाला अडवेल. तारीख मात्र गाडी पहिल्या स्थानकावरून सुटल्याची धरा. मध्यरात्र ओलांडणाऱ्या गाड्यांत इथेच घोळ होतो. (आरएसीत, म्हणजे पूर्ण बर्थऐवजी फक्त बसायची जागा मिळते त्या तिकिटात, एका साइड लोअरवर दोघं बसतात, तेव्हा तिथे एकक बर्थ नव्हे, आसन.)

पीएनआर आणि प्रवासी हीसुद्धा दोन टेबलं. एका पीएनआरवर चौघं कन्फर्म आणि दोघं वेटिंगवर असू शकतात, म्हणून स्थिती प्रवाशाच्या ओळीत.

डेटा-फ्लो आकृतीत (माहिती कुठून कुठे जाते ते बाणांनी दाखवणारी) पैसे येईपर्यंत ‘राखून ठेवलेला’ बर्थ आणि त्याची मुदत दाखवा. मुदत संपल्यावर पैसे आले तर परताव्याचा बाणही हवा. तो हमखास राहतो.