बॅग पोचली नाही तरी वाजवता यावं : बिग बँडच्या परदेश दौऱ्याची तयारी

बिग बँड म्हणजे जॅझचा मोठा वाद्यवृंद, साधारण १७ माणसं : पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि मागे पियानो, गिटार, बास, ड्रम्स. एवढ्यांचं सामान विमानं बदलत जातं तेव्हा कुणाची तरी एक बॅग मागे राहणार, हे धरूनच चालावं. म्हणून यादीतल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा : ही आज संध्याकाळी हाताशी नसेल तर वाजवता येईल का? ‘नाही’ असेल तर ती केबिनमध्ये सोबत. जी भाड्याने किंवा उसनी मिळू शकते ती खाली सामानात.

कागदपत्रांना तीन महिने आधी हात घाला. शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातला गट) पासपोर्ट तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला लागतो. बरेच इतर देश सहा महिने मागतात, तेव्हा सहाच धरा. १८० दिवसांत ९० दिवस हे शेंगेनचं फक्त राहण्याचं गणित आहे. मानधन घेऊन वाजवण्याची परवानगी प्रत्येक देश आपापल्या कायद्याने देतो, आणि बँडमध्ये तीन देशांचे पासपोर्ट असतील तर तीन वेगळे अर्ज होतात. आयोजकाचं पत्र, कार्यक्रमांच्या तारखा आणि राहण्याचे पत्ते यांचा एक छापील संच प्रत्येकाच्या खिशात हवा. फक्त मॅनेजरच्या मोबाइलमध्ये असलेला संच सीमेवर वेगळ्या रांगेत उभ्या राहिलेल्या बास-वादकाच्या काही कामाचा नाही.

वाद्यांचाही एक पासपोर्ट असतो : एटीए कार्ने. वाद्यं तात्पुरती नेतो आहोत, विकणार नाही आणि परत आणणार आहोत, याची ही हमी. ती जास्तीत जास्त एक वर्ष चालते. यादीत प्रत्येक वाद्य, वजन, किंमत आणि अनुक्रमांक लिहायचा. ट्रम्पेटवर तो बहुधा मधल्या व्हॉल्व्हच्या नळीवर कोरलेला असतो, सॅक्सवर मागे अंगठ्याच्या टेकूजवळ. आठवणीने लिहू नका, वाद्य समोर ठेवून एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने लिहायचा. एक आकडा चुकला तरी ते वेगळं वाद्य ठरतं. रीड (सॅक्सच्या माउथपीसवर बसणारी, फुंकल्यावर थरथरणारी बोरूची पातळ पट्टी), तेल आणि कार्यक्रमानंतर विकायच्या सीडी यात घालू नका, कारण वापरून संपणारा किंवा विकायचा माल कार्नेवर चालत नाही. घर सोडताना आणि परतल्यावर पिवळ्या पानांवर शिक्के, परदेशात शिरताना आणि निघताना पांढऱ्या पानांवर. युरोपीय संघ जकातीच्या दृष्टीने एकच प्रदेश आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि ब्रिटन त्याच्या बाहेर, तिथे पुन्हा शिक्के.

लाकूड आणि हस्तिदंतही तपासा. ब्राझिलियन रोझवुड १९९२पासून साइट्स कराराच्या (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सर्वांत कडक यादीत आहे. इतर रोझवुडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९मध्ये सूट मिळाली, ब्राझिलियनला नाही. जुन्या गिटारची बोटपट्टी किंवा जुन्या बो-च्या टोकावरची हस्तिदंताची चकती एवढंसुद्धा अडवायला पुरतं. प्रमाणपत्र काढता येतं, पण आमचं मत सरळ आहे : ते वाद्य घरी ठेवा आणि दुसरं न्या.

आता नोटेशन. बिग बँडच्या फाइलीतल्या रचना नावाने नाही, क्रमांकाने पुकारतात, म्हणून सतराही फाइली एकाच क्रमाने लावलेल्या हव्यात. मंचावर ‘एकशे बेचाळीस’ ऐकल्यावर चौथ्या ट्रॉम्बोनच्या हाती तिसरंच पान येणं हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येणारा घोटाळा. दौऱ्यात वाजवायच्या ३०-३५ रचना वेगळ्या काढा. कापलेल्या जागा, वाढवलेले सोलो आणि पुन्हा वाजवायच्या ओळी पेन्सिलीने ठळक लिहा, कारण कुणी आजारी पडलं तर त्या खुर्चीवर स्थानिक वादक बसणार आणि त्याला तुमच्या मागच्या वर्षीच्या तालमी माहीत नाहीत. सर्व पार्ट स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. टॅबलेटवर वाचणाऱ्यानेही कागदी संच सोबत न्यावा. पायाने पान उलटायच्या पेडलची बॅटरी नेमकी जलद चालीतच संपते. उघड्यावरच्या कार्यक्रमासाठी माणशी चार कपड्यांचे चिमटे आणि चार्ज होणारा स्टँडचा दिवा.

सॅक्सवाल्यांचा जीव रीडमध्ये. विमानातल्या हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि रीडचं टोक लाटेसारखं वळतं. दोन आठवड्यांसाठी वाजवून बसवलेल्या सहा ते आठ रीड हवाबंद डबीत, आर्द्रता राखणाऱ्या पुडीसह, शिवाय एक न उघडलेलं खोकं. वळलेली रीड पाण्यात भिजवून सपाट काचेवर दाबून ठेवली की बहुधा वठणीवर येते. माउथपीस आणि नेक (माउथपीस जिथे बसतो ती वरची वाकडी नळी) केबिनमध्येच. पेटी खाली जाणार असेल तर वरच्या तोंडात बूच बसवलेलं पाहा. नेमक्या त्या बुचामुळे वर डोकावणारी ऑक्टेव्हची दांडी वाचते. उघड्या राहणाऱ्या किल्ल्या क्लॅम्प लावून बंद करा आणि बेलमध्ये, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडात, सुटी वस्तू टाकू नका, ती आतून ठोकरते. क्लॅरिनेट-बासरीही वाजवणाऱ्यांनी त्यांचे स्टँड मोजून घ्यावेत. पाच जणांत एक दुरुस्तीची पिशवी पुरते : दोन बारीक स्क्रूड्रायव्हर, चिकटणाऱ्या पॅडसाठी सिगारेटचा कागद, टेफ्लॉन टेप, कॉर्कचे तुकडे आणि रबरबँड. स्प्रिंग तुटली तर किल्ली रात्रभर रबरबँडवर चालते.

ट्रम्पेटला व्हॉल्व्ह ऑइलच्या दोन बाटल्या, अगदी काठोकाठ न भरलेल्या आणि झिपच्या पिशवीत, कारण उंचीवर हवेचा दाब उतरतो आणि तेल पाझरतं. लेबलावर ज्वालाग्राही असल्याचं चिन्ह असेल तर विमानतळावर ते काढून घेतील, तसं चिन्ह नसलेलं तेल घ्या. म्यूटची (आवाज बदलायला वाद्याच्या तोंडात किंवा तोंडावर लावायच्या वस्तूंची) यादी फाइल चाळूनच करा : स्ट्रेट, कप, हार्मन, बकेट, प्लंजर. हार्मनच्या भोवतीचा कॉर्क कोरडा पडला की म्यूट भर हळुवार जागी घरंगळून जमिनीवर खणखणतो. बसवण्याआधी त्यावर तोंडाची वाफ सोडायची सवय हवी. त्याची मधली नळी सर्वाधिक हरवते, ती मोज्यात गुंडाळा. प्लंजर म्हणजे तुंबलेलं सिंक मोकळं करायच्या पंपाची रबरी वाटी. अमेरिकन जॅझ-संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये ट्रम्पेटवर बबर माइली आणि ट्रॉम्बोनवर ट्रिकी सॅम नँटन यांनी तिला बोलायला शिकवलं, पण क्ष-किरण यंत्रामागच्या माणसाला हा इतिहास ठाऊक असेलच असं नाही. माउथपीस अडकला तर काढायचा पुलर बँडमागे एक. पक्कड लावू नका, नळी पिळवटते.

ट्रॉम्बोनची बाहेरची स्लाइड पातळ नळीची असते. डोळ्याला न दिसणारा पोचाही हाताला लगेच जाणवतो. पेटीत ती लॉक करून, पट्ट्याने बांधून. पाण्याची फवारणी-बाटली सुरक्षा तपासणीआधी रिकामी.

मागच्या रांगेचं बरंच सामान तिथेच भाड्याने मिळतं, म्हणून तिथे वस्तूंइतकीच पत्राची तयारी लागते. ड्रमरने स्नेअर, सिंबल, पेडल, काठ्या आणि ब्रश न्यावेत. शिवाय एका छोट्या पिशवीत ड्रम-की, सिंबलचे नमदे, विंगनट आणि हाय-हॅटचा क्लच, म्हणजे पायाने मिटणाऱ्या दोन सिंबलांपैकी वरची दांडीला धरून ठेवणारा. भाड्याच्या संचात तो क्लच हमखास नसतो, आणि त्याच्याविना हाय-हॅट म्हणजे नुसत्या दोन थाळ्या. डबल बास विमानाने नेत असाल तर तारा थोड्याच सैल करा. पूर्ण सोडल्या तर आतला साउंडपोस्ट (तारांच्या दाबाने उभी राहणारी लाकडी काठी) आडवा पडतो आणि तो उभा करणारा कारागीर शोधण्यात दिवस जातो. भाड्याचा बास घेणार असाल तर स्वतःच्या तारा, पिकअप आणि बो सोबत. पियानो मंचावर हलवल्यानंतर, त्याच दिवशी सुरात लावून मिळावा, असं पत्रात स्पष्ट लिहा.

तिथेच पट्टीही विचारून घ्या. ‘ए’ म्हणजे ४४० हे सगळीकडे खरं नाही. युरोपातल्या आणि जपानमधल्या बऱ्याच सभागृहांत पियानो ४४२ वर असतो. पितळी वाद्यं नळी आत ढकलून जुळवून घेतात, सॅक्सला माउथपीस आणखी आत सारावा लागतो, म्हणून नेकच्या कॉर्कवर तेवढी जागा आहे का हे घरीच पाहा. फुंकवाद्यांचा सूर तापमान एक अंशाने चढलं की सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. थंड चौकात उघड्यावर वाजवताना पियानो आणि ब्रास यांचं का जमत नाही, ते इथे आहे.

वीज : अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, युरोपात २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, जपानमध्ये १०० व्होल्ट, पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ. चार्जर बहुतेक सगळीकडे चालतात, नुसता प्लग बदलायचा. जुना टोनव्हील ऑर्गन मात्र विजेच्या आवर्तनांवर फिरतो : ६० हर्ट्झचा ऑर्गन ५० वर लावला तर सा-पासून कोमल ग जितका लांब, जवळजवळ तितका तो सबंध खाली उतरतो. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. पॉवर बँक १०० वॉट-तासांपर्यंतची आणि केबिनमध्येच.

कान. सॅक्सची रांग आठ पितळी तोंडांसमोर बसते. ८५ डेसिबलला आठ तास ही एक मान्य मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. वादकांसाठीचे, आवाज सारखाच कमी करणारे इअरप्लग प्रत्येकी दोन जोड.

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. सर्दीच्या गोळ्या खास तपासा : जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं नेताच येत नाहीत. कपडे : काळा सूट एक, पांढरे शर्ट तीन, काळे मोजे हवेत त्याच्या दुप्पट.

बस असेल तर वेळापत्रक चालकापासून उलट आखा. युरोपीय संघात त्याला दिवसाला ९ तास चालवता येतं, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावं लागतं आणि रोज साधारण ११ तास सलग विश्रांती लागते. रात्री एकला हॉटेलवर पोचलात तर त्याच चालकासह सकाळी आठला निघणं होत नाही. लांब विमानप्रवासानंतरचा पहिला दिवस ओठांसाठी हलका ठेवा : हळू लांब सूर, वीस मिनिटं. हॉटेलात प्रॅक्टिस म्यूट ठीक, पण त्यावर तासभर वाजवून मंचावर गेलं की श्वासाचा अंदाज चुकतो.

परतीच्या विमानतळावर नेहमीपेक्षा दीड तास आधी पोचा आणि पेट्या पट्ट्यावर टाकण्याआधी जकातीचा काउंटर शोधा. पेटी एकदा आत गेली की अधिकाऱ्याला दाखवायला वाद्य उरत नाही, पांढऱ्या पानावर शिक्का मिळत नाही, आणि काही महिन्यांनी त्याच वाद्यावरच्या आयात शुल्काची मागणी घरी येते.