भुंगेऱ्याच्या पाठीवरचा पांढरा डाग

बेशरमीच्या पानांवर पावसाळ्यात सोनेरी कासव-भुंगेरे सापडतात. १:१ मॅक्रोने (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढा उमटवणाऱ्या लेन्सने) फ्लॅश मारला की पाठ सोनेरी दिसायच्या ऐवजी मधोमध पांढराफट्ट डाग उमटायचा. फ्लॅशची ताकद कमी करून फक्त फोटो काळा पडला, डाग तसाच. कारण पाठ आरशासारखी. तिच्यात फ्लॅशचं डोकंच दिसतं. प्रकाश कमी करून भागत नाही, त्याचा स्रोत मोठा आणि जवळ हवा.

त्यासाठी चिप्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू आत ठेवून जाड कार्डशीटचं नरसाळं केलं. फ्लॅशकडचं तोंड डोक्याच्या मापाचं, पुढचं साधारण २० बाय १५ सेंमी. पुढे पॅकिंगचा पांढरा फोम, दोन थर, मध्ये दोन सेंमी मोकळी जागा. ही जागा सोडली नाही तर मधला भाग जास्त प्रखर राहतो आणि डाग परत येतो, फक्त कडा मऊ. खालची कड लेन्सच्या तोंडाच्या किंचित पुढे, किड्यावर झुकलेली.

सेटिंग: १/२०० सेकंद, एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/४ पासून सुरू. दोन थर बराच प्रकाश खातात, म्हणून १/१६ विसरा. जास्त भाग स्पष्ट यावा म्हणून एफ/१६ चा मोह नको. १:१ ला ते प्रत्यक्षात एफ/३२ इतकं वागतं आणि बारीक ठिपके विरघळतात.

किडा फ्रीजमध्ये गार करून बसवू नये. मेल्यावर तर सोनेरी रंगच जातो. सावली अंगावर न पाडता खालून हळूहळू सरका.