जुन्या पतसंस्थेचे बोधचिन्ह आणि फलक नव्याने करताना

तीस-चाळीस वर्षे जुन्या पतसंस्थेच्या किंवा नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळात कधी ना कधी बोधचिन्ह बदलण्याचा विषय निघतोच, आणि तो रास्तही असतो. कापसाचे बोंड, केळीचा घड, नाणी आणि उगवता सूर्य एकाच वर्तुळात बसवलेले चिन्ह मोबाइलच्या पडद्यावर नुसत्या ठिपक्यासारखे दिसते. मात्र खान्देशात, विशेषतः जळगाव जिल्ह्यात, काही पतसंस्थांमध्ये ठेवी वर्षानुवर्षे अडकल्याचे लोक विसरलेले नाहीत. रातोरात बदललेला फलक पाहून ठेवीदाराला पहिली शंका येते ती संस्था बुडाली की काय, अशीच. म्हणून नव्या रूपात जुनी संस्था सहज ओळखू आली पाहिजे, ही या कामाची पहिली अट समजावी.

सुरुवातीला सर्व शाखांचे फलक, पासबुके, ठेव पावत्या, लेटरहेड, शिक्के आणि दैनिक ठेव प्रतिनिधींची ओळखपत्रे एकत्र मांडून पाहावीत. एकाच संस्थेच्या शाखांत निळ्या रंगाच्या तीन-चार छटा बहुधा तेव्हाच नजरेस पडतात. त्यानंतर काउंटरवर आलेल्या जुन्या सभासदांना, समोर काहीही न ठेवता, आपल्या संस्थेचे चिन्ह कसे आहे ते विचारावे. बहुतेकांना एक रंग आणि एखादी आकृती एवढेच आठवेल, आणि तेच दोन घटक जपायचे आहेत. भारतीय स्टेट बँकेने २०१७ मध्ये सहयोगी बँकांच्या विलीनीकरणाच्या वेळी रंगाची छटा आणि अक्षरे बदलली, पण १९७१ पासूनचे वर्तुळाकार चिन्ह कायम ठेवले, हे उदाहरण संचालकांपुढे अवश्य मांडावे. नवा रंग निवडताना तो कोणत्याही राजकीय पक्षाच्या किंवा निवडणुकीतील पॅनलच्या रंगाची आठवण करून देणार नाही, याची काळजी घ्यावी. पॅनल पाच वर्षांनी बदलू शकते, चिन्हाला त्याहून पुष्कळ अधिक टिकायचे असते.

अक्षरांकडे मात्र चिन्हापेक्षाही अधिक लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ग्रामीण शाखेत येणारा शेतकरी चिन्हाआधी नावच वाचतो. अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात, त्यामुळे मराठी वळण असलेला युनिकोड फॉन्ट डिझायनरकडे आग्रहाने मागावा. ‘मुक्ता’सारखे फॉन्ट मुक्त परवान्यावर उपलब्ध आहेत. संस्थेचे नाव लांबलचक असेल, तर मात्रा आणि रफार शिरोरेषेवर गर्दी करतात, म्हणून ओळींमधील अंतर आधीच तपासून घ्यावे.

आराखडा संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहून मंजूर करू नये. तो एका इंचाच्या रबरी शिक्क्यावर काढून, शाईच्या पॅडवर दाबून, खरबरीत कागदावर उमटवून पाहावा: बारीक रेषा शाईने भरून जात असतील, तर त्या काढून टाकाव्यात. पासबुक छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर आणि झेरॉक्सच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीतही चिन्ह उमजले पाहिजे. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि फ्लेक्सवरचा लाल रंग लवकर उडतो, त्यामुळे मुख्य फलक फ्लेक्सचा करण्यापेक्षा पत्र्यावर उठावाची अक्षरे बसवून केलेला बरा.

कायद्याच्या बाबी छपाईपूर्वीच पाहाव्यात. फलकावर नोंदणीकृत नाव पूर्ण असावे. सुटसुटीत नाव घ्यायचे असेल, तर ती नामबदलाची स्वतंत्र प्रक्रिया असून तिला निबंधकांची मान्यता लागते. बँकिंग नियमन कायद्यातील २०२० च्या सुधारणेनंतर पतसंस्थेला नावात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही, मग तो चिन्हाशेजारी लहान अक्षरांतही नको. बँकांतील ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थांतील ठेवींना ते लागू नाही. त्यामुळे तसा भास निर्माण करणारे चिन्ह किंवा वाक्य टाळावे. राज्यात दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार फलकावरील मराठी अक्षरे अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. नवे चिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदवताना वित्तीय सेवांसाठीचा छत्तिसावा वर्ग घ्यावा. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. सहकारी बँकेच्या धनादेशावर चिन्ह अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या शाईनेही छापलेले असते, म्हणून धनादेश छापणाऱ्याला नवा नमुना वेळेत द्यावा.

बदलाची माहिती सप्टेंबरअखेर होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत द्यावी, एप्रिलपासून नवी स्टेशनरी सुरू करावी आणि फलक आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर लावावा; मार्चअखेरच्या धावपळीत हे काम अजिबात काढू नये. प्रत्येक शाखेत ठळक अक्षरांत सूचना असावी, की नाव, नोंदणी क्रमांक आणि संचालक मंडळ तेच आहे, तसेच जुन्या ठेव पावत्या, पासबुके आणि सोनेतारणाच्या पावत्या पूर्वीप्रमाणेच ग्राह्य आहेत. दैनिक ठेव प्रतिनिधींना ही सूचना तोंडी सांगण्याचा सराव करून द्यावा, कारण ठेवीदार प्रश्न आधी त्यांनाच विचारतो. जुने शिक्के आणि कोऱ्या पावत्या मात्र कपाटात पडू देऊ नयेत. त्यांवरून बनावट पावती तयार होऊ शकते. शाखानिहाय यादी करून, अनुक्रमांक तपासून, दोन संचालकांसमक्ष ते नष्ट करावेत आणि त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी.