चीर फेजंटची संरक्षणस्थिती कशी पडताळावी

हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडात पक्षिनिरीक्षणासाठी जाणाऱ्या मराठी मंडळींच्या लेखांत चीर फेजंट या हिमालयातील पक्ष्याचा उल्लेख हमखास येतो आणि त्यापुढे ‘दुर्मीळ’ किंवा ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ असा ढोबळ शेराही येतो. या पक्ष्याची स्थिती नेमकेपणाने मांडायची असेल, तर जागतिक वर्गवारी, कायद्याचे संरक्षण आणि प्रत्यक्ष डोंगरउतारावरील परिस्थिती या तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

सुरुवात आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या) लाल यादीपासून, म्हणजे धोक्यातील प्रजातींच्या जागतिक वर्गवारीपासून करावी. तेथे चीर ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. ‘संकटग्रस्त’ आणि ‘अतिसंकटग्रस्त’ हे त्याहून गंभीर वर्ग होत. मात्र वर्गाचे नाव वाचून थांबू नये, त्याखालचा निकष पाहावा. ‘असुरक्षित’ ठरण्यासाठी दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात) किमान ३० टक्के घट हा एक मार्ग आहे. प्रजननक्षम पक्षी १०,००० पेक्षा कमी, संख्या घटत असलेली आणि कोणत्याही एका उपगटात १,००० पेक्षा जास्त पक्षी नाहीत, हा दुसरा. चीरच्या बाबतीत हा दुसरा निकष महत्त्वाचा आहे, कारण हा पक्षी पश्चिम हिमालयापासून नेपाळपर्यंत आढळत असला तरी लहान, एकमेकांपासून तुटलेल्या गटांतच राहतो, आणि असा एखादा गट शिकारीने किंवा अधिवास बदलल्याने संपला, तर शेजारून पक्षी येऊन ती जागा भरून निघण्याची शक्यता फार थोडी असते.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहता येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत चीर आहे आणि साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या परिशिष्टातही आहे. शिकार आणि आंतरराष्ट्रीय व्यापार यांवर किती कडक बंधन आहे एवढेच यातून कळते. पक्षी किती उरले आहेत, याचा हा पुरावा नव्हे.

खरा वेळ अधिवास पाहण्यात घालवावा. चीरला दाट जंगल नको असते. उंच गवत, विरळ झुडपे आणि खडकाळ कडे असलेले तीव्र उतार त्याला लागतात. असे उतार पुष्कळदा गावकऱ्यांच्या गवतकापणीमुळे, मर्यादित चराईमुळे आणि हिवाळ्यात गवत जाळण्यामुळेच मोकळे राहतात. म्हणून ‘माणसाचा वावर म्हणजे धोका’ हे गृहीत धरून नोंद करू नये. सगळे बंद केले तर झुडपे माजून उतार हळूहळू चीरला निरुपयोगी होतो. उलट जमिनीवर घरटी असताना, म्हणजे साधारण एप्रिल ते जून या काळात, वणवा लागला किंवा गुरांची गर्दी झाली तर अंडी नष्ट होतात. तेव्हा आग, कापणी आणि चराई यांची नुसती नोंद न करता महिनाही लिहावा.

गणना कानाने करावी. गवतात दबून बसणारा हा पक्षी दिसत नाही, पण विणीच्या काळात पहाटे जोड्या मोठ्याने ओरडतात. उजाडण्यापूर्वी ठरलेल्या ठिकाणांवर निरीक्षक बसवावेत, प्रत्येकाने हाकेची वेळ, दिशा आणि अंदाजे अंतर टिपावे, आणि नंतर सर्व नोंदी नकाशावर जुळवून एकच जोडी दोनदा मोजली गेली नाही ना, हे तपासावे. तीच ठिकाणे, तोच हंगाम आणि तीच पद्धत पुढील वर्षीही ठेवली नाही, तर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्यांना बोलते करण्याचा मोह टाळावा. विणीच्या जोड्यांना त्याचा त्रास होतो आणि गणनाही बिघडते.

एकदा पक्षी आढळला नाही म्हणून ‘येथून नाहीसा झाला’ असे लिहू नये. हिमालयीन लावा या दुसऱ्या एका पक्ष्याची शेवटची खात्रीशीर नोंद १८७६ मधील असूनही लाल यादीत तो ‘नामशेष’ नाही, ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, कारण शेवटचा जीव मेल्याबद्दल वाजवी शंका उरू नये, अशी ‘नामशेष’ या वर्गाची अट आहे. पाळून सोडलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत सावधगिरी उलट बाजूने बाळगावी. पाकिस्तानातील मरगल्ला टेकड्यांत चीरला पुन्हा वसवण्याचे प्रयत्न झाले, पण स्वबळावर टिकणारा गट तयार झाला नाही. त्यामुळे सोडलेल्या पक्ष्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांनी रानात यशस्वी वीण केल्याचे दिसेपर्यंत त्यांना स्थानिक संख्येत धरू नये. घरट्याचे नेमके ठिकाण मात्र सार्वजनिक नोंदीत न देता वनविभागालाच कळवावे.